बारावा ठोकळा

१

शनिवारी सकाळी दहाला कार्डबाई दुकानात शिरल्या, तेव्हा आत चार माणसं होती आणि कुणीच कुणाशी बोलत नव्हतं. पुस्तकांच्या दुकानात शांतता असतेच, पण ही ती नव्हे. ही भांडण होऊन गेल्यानंतरची होती.

काउंटरमागे ताई. दुकानाची मालकीण, थोरल्या मालकांची मुलगी; कार्डबाईंनी तिला फ्रॉकमध्ये पाहिलेलं. शिडीला टेकून चष्मेवाले, सव्वीस वर्षं इथे असलेले जुने विक्रेते, चष्मा कपाळावर चढवून तोच शोधत फिरणारे. खिडकीजवळच्या खुर्चीत प्रवचनकार काका, जे रोज येत, रोज वाचत आणि कधी काही विकत घेत नसत. आणि दाराशी एक अनोळखी बाई, नर्सच्या पांढऱ्या गणवेशात, रडून रडून डोळे लाल झालेली.

"मावशी, आलीस बाई एकदाची!" ताई म्हणाली.

कार्डबाईंनी शहराच्या वाचनालयात एकोणचाळीस वर्षं पुस्तकांची कार्डं लिहिली. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, लोक त्यांचं खरं नाव विसरले, पण कार्डबाई हे नाव राहिलं. आणि कुणाचं काही हरवलं की त्यांना बोलावणं यायचं, तेही राहिलं. "हरवत काही नाही हो," त्या म्हणायच्या, "कुणीतरी कुठेतरी ठेवलेलं असतं."

या वेळी वही हरवली होती.

नर्सबाईंची आई तीन आठवड्यांपूर्वी वारली. खोली आवरताना भावाने आईच्या पुस्तकांचं खोकं सोमवारी इथे आणून दिलं. जुनी पुस्तकं विकत घेणारं शहरात हे एकच दुकान. त्या खोक्यात आईची हाताने लिहिलेली जाड वही होती, आणि भावाला ती काय आहे हे कळलंच नाही.

"आई विक्का होती," नर्सबाई म्हणाल्या, आणि समोरचा हसतो की काय, म्हणून एक क्षण थांबल्या. कुणी हसलं नाही. "धर्म आहे आमचा. चंद्र, झाडं, ऋतू यांना मानणारा. आमच्यात सगळ्यांचा मिळून असा एक छापील ग्रंथ नसतो. ज्याने त्याने आपली वही लिहायची. तीच पोथी. आईने तिचा शेवटचा निरोप वहीत लिहून ठेवलाय. उद्या संध्याकाळी आम्ही सातजणी जमणार आणि तो वाचणार. तो वाचल्याशिवाय तिला निरोप दिला असं होत नाही. दुसरी प्रत नाही हो."

"वही मी मंगळवारी स्वतः खणात लावली," चष्मेवाले म्हणाले. "काल या बाई आल्या, बघतो तर नाही. विकली गेलेली नाही, बिल नाही."

"वही धड होती का?" कार्डबाईंनी विचारलं.

चष्मेवाल्यांनी मान खाली घातली. "पाठ फाटली होती. पानं सुटत होती."

"आणि रद्दीचा टेम्पो?"

"गुरुवारी येऊन गेला."

२

यातली मेख कळायला दुकानाचा एक जुना नियम माहीत हवा.

थोरल्या मालकांनी दुकान काढलं तेव्हाच ठरवलं होतं: फाटलेलं पुस्तक धर्माचं असेल तर ते रद्दीत जायचं नाही. ते बाइंडरकडे जायचं आणि नवा पुठ्ठा लावून परत यायचं, दुकानाच्या खर्चाने. "माणूस कुठल्याही देवाला मानू दे, त्याची पोथी माझ्या दुकानातून रद्दीत गेली असं व्हायला नको," ते म्हणत. बाकी सगळी फाटकी पुस्तकं, कादंबरी असो की पाककृती, गुरुवारी टेम्पोत.

म्हणजे पुस्तक कुठल्या खणात आहे यावर त्याचं मरण ठरायचं.

आणि खण ठरवले होते कार्डबाईंनी. चौतीस वर्षांपूर्वी. तेव्हा त्यांचे केस काळे होते, यजमान हयात होते, आणि दर रविवारी दोघं या दुकानात यायची. ते प्रवासवर्णनं चाळत बसायचे आणि कार्डबाई शिडीवर चढून पाट्या रंगवायच्या. थोरले मालक खालून चहाचा कप वर द्यायचे. किती सुखाचे दिवस होते ते! पुस्तकांच्या नव्या शाईचा वास, खिडकीतून येणारं तिरपं ऊन, आणि यजमानांचा आवाज, "अगो, इथे बघ, एका माणसाने म्हणे गाढवावरून वाळवंट ओलांडलं." आता तो आवाज ऐकून अकरा वर्षं झाली होती, पण खिडकीतलं ऊन तसंच यायचं.

अशाच एका रविवारी विक्काचं पहिलं पुस्तक दुकानात आलं. "हे कुठे लावू हो?" मालकांनी विचारलं. कार्डबाईंनी मुखपृष्ठावरची पाच टोकांची चांदणी पाहिली. त्यांचा हिशोब सोपा होता: ज्यांची गावात प्रार्थनेची इमारत आहे तो धर्म, बाकीचं बाकीच्यात. उचलला ब्रश आणि लावला पाटीला. 'जादूटोणा, भुतेखेते व चमत्कार.' पाटी बाकीच्या पाट्यांसारखी कपाटाच्या माथ्यावर, खण मात्र अगदी खालचा, जमिनीलगत. नंतर आलेले इतरही चार-चार घरांचे छोटे पंथ त्यातच गेले. दर वर्षी कार्डबाई येऊन पाट्यांवरून नवा रंग फिरवायच्या, त्या पाटीवरूनही फिरवायच्या. एकदाही दुसरा विचार मनात आला नाही.

आता मात्र ही वही टेम्पोत गेली असेल तर ती चष्मेवाल्यांनी टाकलेली नाही, आपल्या ब्रशने टाकलीय, हे त्यांना लख्ख दिसलं.

"चष्मेवाले, खरं सांगा. तुम्ही टाकलीत?"

"देवाशप्पथ नाही! गुरुवारी मी त्या खणातली फाटकी पुस्तकं काढायला वाकलो होतो. वही तिथे नव्हतीच. असती तर..." ते अडखळले. "असती तर टाकली असती, बाई. पाटीवर जादूटोणा लिहिलंय. मी पाटी बघून काम करतो. तुमचीच शिस्त ती."

"नव्हती हे तुमच्या गुरुवारीच लक्षात आलं, मग बोलला का नाहीत?"

"खणात फट दिसली असती तर बोललो असतो. पुस्तकं कशी ताठ उभी होती. मला वाटलं, ताईंनी काढून कुठे ठेवली असेल."

"मी?" ताई ओरडली. "मी कशाला हात लावू?"

आणि नेमकं तेव्हाच चष्मेवाले म्हणाले, "कारण तुम्हाला तो खणच काढून टाकायचाय, ताई."

३

ताईने आधी नाही म्हटलं, मग कबूल केलं.

"हो, काढणार आहे! कोण वाकतं आता जमिनीपर्यंत? मी सगळं वर आणून 'मनःशांती' असा नवा विभाग करणार आहे. योगासनं, ध्यान, वजन कमी करणं, विक्का, सगळं एकत्र. सगळीकडे तसंच करतात, खपतं."

"माझ्या आईला वजन कमी करायचं नव्हतं," नर्सबाई शांतपणे म्हणाल्या.

ताईचा चेहरा पडला. "तसं नव्हतं म्हणायचं मला. पण वही मी घेतली नाही, मावशी. बुधवारी मी दिवसभर घाऊक बाजारात होते. गुरुवारी आले ती थेट काउंटरवर."

ते खरं होतं. चष्मेवाल्यांनीही मान डोलावली.

राहिले काका. ते खिडकीपाशी मूग गिळून बसले होते. चाळीस वर्षं प्रवचनं केलेला माणूस, गप्प बसणं हे त्यांचं काम नव्हे. आणि त्या खणाशी त्यांचं वैर जगजाहीर होतं. तीन वर्षांपूर्वी त्यांनी ताईला लेखी तक्रार दिली होती, की असली पुस्तकं धर्माच्या खणासमोर नकोत. ताईने ऐकलं नाही, तेव्हापासून ते जाता-येता काठीने त्या पुस्तकांची तोंडं भिंतीकडे फिरवून ठेवायचे.

"काका, बुधवारी तुम्ही इथे होतात," कार्डबाई म्हणाल्या.

"मी रोजच इथे असतो."

"वही पाहिलीत?"

"मला काय माहीत तुमच्या जादूच्या वह्या!" काका एवढ्या जोरात ओरडले की रस्त्यावरच्या दोघांनी आत डोकावून पाहिलं.

चष्मेवाले कार्डबाईंच्या कानाशी लागले. "यांनीच फाडून टाकली असणार. किंवा जाळली. नुसतं तोंड बघा."

कार्डबाईंनी तोंड बघितलं. काका घामाघूम झाले होते. पण त्यांची नजर नर्सबाईंकडे जात होती आणि लगेच खाली येत होती. राग असलेला माणूस असं बघत नाही. मग हा माणूस कशाला घाबरलाय?

"चष्मेवाले," त्या म्हणाल्या, "मला जरा तो खण दाखवा."

४

खाली बसायचं म्हणजे चौऱ्याहत्तराव्या वर्षी एक मोहीमच. एक हात ताईच्या खांद्यावर, एक शिडीवर, आणि तोंडाने "आई गं". अखेर कार्डबाई फरशीवर टेकल्या. जमिनीलगतचा तो खण त्यांनी या उंचीवरून पहिल्यांदाच पाहिला. अंधार होता. पुस्तकांची नावं वाचायला मान पार वाकडी करावी लागत होती. चौतीस वर्षं लोक इथे असे गुडघ्यांवर येऊन वाचत होते तर!

"वही कुठे लावली होतीत?"

"उजवीकडे, शेवटून चौथी. चांगली चार बोटं जाड होती."

पुस्तकं खरंच ताठ उभी होती. कार्डबाई बघत राहिल्या. चार बोटं जाडीची वही ओढून काढली तर शेजारची पुस्तकं कलंडतात. एकोणचाळीस वर्षांत त्यांनी हे हजारदा पाहिलं होतं. ही कलंडली नव्हती. कशानेतरी त्यांना धरून ठेवलं होतं.

त्यांनी अंधारात हात घातला. पुस्तकांच्या कडेपेक्षा जरा आत ढकललेलं, गुळगुळीत, थंड काहीतरी बोटांना लागलं. बाहेर काढलं तर लाकडाचा ठोकळा.

"अगंबाई!" ताई म्हणाली. "हा तर बाबांच्या ठोकळ्यांतला!"

थोरल्या मालकांनी सुताराकडून बारा ठोकळे करून घेतले होते. धर्माच्या खणातलं पुस्तक बाइंडरकडे गेलं की त्याच्या जागी ठोकळा उभा करायचा. शेजारची पुस्तकं कलंडत नाहीत आणि परत आलेलं पुस्तक बरोबर आपल्या जागी बसतं. ठोकळे बारा, म्हणून एका वेळी बाइंडरकडे बाराच पुस्तकं. दर बुधवारी गठ्ठा जायचा, शनिवारी संध्याकाळी परत यायचा.

"या बुधवारी किती गेली?" कार्डबाईंनी विचारलं.

"अकरा," चष्मेवाले म्हणाले. "चिठ्ठी मी लिहिली. अकराच होती."

"धर्माच्या खणातले ठोकळे मोजा. आणि ठोकळ्यांची पेटी बघा."

खणात अकरा निघाले. पेटी रिकामी होती. बारावा कार्डबाईंच्या हातात होता.

"म्हणजे वही टेम्पोत गेली नाही," नर्सबाई पुटपुटल्या. 

"नाही गेली," कार्डबाई म्हणाल्या. "आणि चोरीलाही गेली नाही. चोर कधी जागा राखून ठेवत नाही, बाळ."

५

"आता बघा," कार्डबाई तिथेच फरशीवर बसून म्हणाल्या. "ठोकळा फक्त धर्माच्या पुस्तकासाठी. म्हणजे ज्याने तो ठेवला, त्याच्या लेखी ही वही म्हणजे पोथी होती. चष्मेवाले पाटीबाहेर जात नाहीत, त्यांनी असा ठोकळा जन्मात ठेवला नसता. ताई बुधवारी नव्हती. थोरले मालक गेले. मी घरी होते. मग बुधवारचा गठ्ठा बांधतं कोण?"

सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळल्या. फाटक्या पोथ्या निवडणं, गठ्ठा बांधणं आणि घरी जाताना तो बाइंडरकडे टाकणं, हे काम गेली कित्येक वर्षं काका हौसेने करत होते.

"पण काकांना तर वाकता येत नाही," ताई म्हणाली. "गुडघे..."

"स्टूल!" चष्मेवाले ओरडले. "बुधवारी संध्याकाळी इथे स्टूल होतं. मी अडखळून पडलो असतो त्याच्यावर!"

काका उठले. काठीला हात लावला नाही, तसेच दोन पावलं पुढे आले. ते नर्सबाईंशी बोलले, पण बघत होते जमिनीकडे.

"थट्टा करायला उघडली होती मी. म्हटलं, बघू तरी काय भुतंखेतं लिहिलीत. तर प्रत्येक पानावर ओळीओळीला तारीख आणि दिवा लावल्याची वेळ. रोजची. चौतीस वर्षांत एक दिवस चुकलेला नाही. ताप आला त्या दिवशी लिहिलंय, ताप आहे, दिवा लावला. नवरा गेला त्या दिवशी लिहिलंय, दिवा लावला."  "मी चाळीस वर्षं लोकांना नित्यनेम शिकवला. माझे किती दिवस चुकले ते माझं मला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. तसली वही मी टेम्पोत कशी जाऊ देऊ?"

"मग काल का नाही सांगितलंत?" ताई चिडून म्हणाली. "ह्या रडत होत्या इथे!"

"लाज वाटली गं! तक्रार मी केलेली, पुस्तकं मी फिरवलेली. म्हटलं, आज संध्याकाळी गठ्ठा येईल, वही गुपचूप जागेवर ठेवीन, कुणाला कळणार नाही. चुकलं माझं."

 नर्सबाईंनी काकांचा हात धरला. चष्मेवाल्यांनी चष्मा पुसायला काढला आणि बराच वेळ पुसत राहिले.

सगळं गोड झालं असतं. पण कार्डबाईंना एकदम काही आठवलं.

"तुमच्या आईने निरोप कुठे लिहिलाय? शेवटच्या पानावर?"

"पानं संपली होती. शेवटच्या आठ-दहा पानांच्या कडेकडेने लिहिलाय. अगदी टोकापर्यंत. का हो?"

"कारण बाइंडर नवा पुठ्ठा लावायच्या आधी पानांच्या कडा मशीनवर कापून सरळ करतो," कार्डबाई म्हणाल्या. "आणि शनिवारी संध्याकाळी परत द्यायचं काम तो शनिवारी सकाळी कापतो. उठवा मला. उठवा लवकर!"

६

बाइंडरचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे. ताईने दुकान चष्मेवाल्यांवर सोपवलं. नर्सबाई पुढे धावल्या, मागे कार्डबाई ताईच्या दंडाला धरून, त्यांच्या मागे काठी टेकत काका. दारापर्यंत पोचले तर आतून मशीनचा धप्प, धप्प आवाज.

"थांबा!" नर्सबाई किंचाळल्या.

मशीन थांबलं. बाइंडरने वर पाहिलं. टेबलाखाली कागदाच्या पांढऱ्या चिंध्यांचा ढीग पडला होता. टेबलावर कडा कापून चकचकीत झालेल्या पोथ्या एकावर एक. कार्डबाईंनी मोजल्या. दहा. अकरावी मशीनमध्ये.

"बारावी?" त्यांनी विचारलं. 

"ती होय," बाइंडर म्हणाला. त्याने मागच्या फळीवरून कापडात गुंडाळलेली वही काढली. पाठ नवी शिवली होती, पुठ्ठा निळा, कडा जशाच्या तशा, वेड्यावाकड्या. "ही कापली नाही. चिठ्ठीत अकरा लिहिलेत, ही बारावी, म्हणून उघडून बघितली. हाताने लिहिलेली निघाली."

"मग धर्माची आहे की नाही, हे तुम्ही कसं ठरवलंत?" ताईने विचारलं.

"ते मी कशाला ठरवू? हाताने लिहिलेलं मी कापत नाही. पोथी असो की वाण्याची यादी. लिहिणाऱ्याने तिथवर हात नेलाय, मी कोण कात्री लावणार?"

कार्डबाई मटकन स्टुलावर बसल्या. एकोणचाळीस वर्षांच्या कार्डांत त्यांना जे सुचलं नाही ते या माणसाने एका वाक्यात सांगितलं होतं. त्यांना हसू आलं आणि रडूही आलं.

नर्सबाईंनी वही छातीशी धरली. मग उघडली आणि शेवटची पानं काढून, वही गोल गोल फिरवत, कडेचं बारीक अक्षर वाचू लागल्या. आधी मनात, मग एकदम हसत मोठ्याने.

"आईने इथे यादी केलीय. जाण्याआधी कुणाकुणाला माफ करायचं त्याची. आमच्या मामाचं नाव आहे, घरमालकाचं आहे. आणि हे ऐका. 'दुकानात पुस्तकांची तोंडं भिंतीकडे फिरवणारे गृहस्थ. माफ. मी परत फिरवून ठेवते. दोघांनाही तेवढाच व्यायाम.'"

काकांनी काठीवर कपाळ टेकलं. त्यांचे खांदे हलत होते.

"पुढे?" कार्डबाईंनी विचारलं. पुढे काय असणार ते त्यांना आधीच कळलं होतं, तरी विचारलं.

नर्सबाईंनी वही फिरवली आणि वाचलं, या वेळी हळू. "'आमच्या खणावर जादूटोणा लिहिणारी बाई. दर वर्षी शिडी घेऊन येते आणि पाट्या रंगवते. दर वर्षी वाटतं, जवळ जावं आणि सांगावं, आम्ही कोण ते. ती चांगली वाटते, ऐकेलही. पण माझं धाडस होत नाही आणि ती कधी विचारत नाही. माफ. अक्षर फार सुरेख आहे.'"

 बाइंडरने मशीन बंद केलं.

कार्डबाईंना आठवायचा प्रयत्न करूनही ती बाई आठवली नाही. चौतीस वर्षं ती त्यांच्या शिडीच्या पायाशी वाकून बसलेली असणार, आणि त्या वर ब्रश फिरवत असणार. इतक्या जवळ. एकदा खाली पाहिलं असतं तर! डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

"बाळ," त्या शेवटी म्हणाल्या, "तुझ्या आईला विचारायचं राहून गेलं. तुला विचारते. तुमची पुस्तकं कुठे ठेवू?"

नर्सबाईंनी थोडा विचार केला. "धर्मात. उभ्याने वाचता येतील इतकी वर. शेजारी कोण येईल ते येऊ दे."

"माझ्या पुस्तकांच्या शेजारी लावा," काका घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"आणि उद्या संध्याकाळी या," नर्सबाई कार्डबाईंना आणि काकांना म्हणाल्या. "दोघंही या. आईचा निरोप आहे, तुम्ही दोघं त्यात आहात."

"मला तुमच्यातलं काही येत नाही गं."

"दिवा लावता येतो ना?"

कार्डबाईंनी मान डोलावली. येत होता.